टॅन हिल इन: ब्रिटनमधल्या सर्वांत उंच पबला जायचं कसं, राहायचं कसं आणि परतायचं कसं

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये, स्वेलडेल खोऱ्याच्या माथ्यावर, उघड्या माळावर एक दगडी इमारत एकटीच उभी आहे. हे टॅन हिल इन. समुद्रसपाटीपासून १,७३२ फूट, म्हणजे ५२८ मीटर. ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब म्हणून हे ठिकाण ओळखलं जातं. आकडा ऐकून सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल, कारण सिंहगड याच्या अडीचपट उंच आहे. पण हे ठिकाण साडेचोपन्न अक्षांशावर आहे आणि आजूबाजूला वारा अडवायला एक झाडसुद्धा नाही. सर्वांत जवळचं गाव केल्ड, तेही चार मैलांवर.

‘इन’ म्हणजे जिथे पबही आहे आणि रात्री मुक्कामाची सोयही. एके काळी या माळावर कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणकामगार हेच इथलं गिऱ्हाईक होतं. शेवटची खाण १९२९ मध्ये बंद झाली, इन मात्र राहिलं. आता इथे येतात ते चालणारे, मोटारसायकलवाले, सायकलवाले आणि ‘सर्वांत उंच’ या दोन शब्दांच्या ओढीने आलेले पर्यटक.

बेत आखताना परतीपासून सुरुवात करा. वर पोचणं सोपं आहे, अडकायला होतं ते उतरताना. २६ नोव्हेंबर २०२१ च्या शुक्रवारी रात्री आर्वेन वादळात इथे साठेक माणसं अडकली. ओअ‍ॅसिस बँडची गाणी वाजवणारा ‘नोअ‍ॅसिस’ हा वाद्यवृंद ऐकायला ती आली होती. रस्त्यावर बर्फाचे ढीग, तुटलेल्या विजेच्या तारा. सगळी मंडळी तीन रात्री आतच राहिली आणि सोमवारी खाली उतरली. बातम्यांमध्ये ही गोष्ट मजेशीर वाटली, पण त्याच मंगळवारी मँचेस्टरहून मुंबईचं विमान असलेल्या माणसाला ती तशी वाटली नसती. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल या काळात टॅन हिलचा मुक्काम परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. मध्ये निदान दोन मोकळे दिवस हवेत.

कधी जावं

मे अखेर ते जुलैचा पहिला आठवडा हा सर्वांत चांगला काळ. जूनमध्ये इथे पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वाट चुकली तरी सावरायला वेळ मिळतो. खाली म्यूकर गावाजवळची गवताची कुरणं जूनमध्ये रानफुलांनी भरतात. वर माळावर कापूसगवताचे पांढरे गोंडे डोलत असतात आणि लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू ओरडत असतो. मे अखेरीस इनच्या अंगणातच स्वेलडेल जातीच्या मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं. काळं तोंड, नाकाकडचा भाग करडा-पांढरा आणि वळलेली शिंगं, अशी ही मेंढी. तिच्याच एडक्याचं डोकं यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावर आहे.

जांभळ्या हेदरचे, म्हणजे माळावरच्या बुटक्या फुलझुडपांचे, फोटो पाहून जाणार असाल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा, पण एक गोष्ट लक्षात असू द्या: टॅन हिलच्या भोवती हेदर कमी, गवत आणि दलदलच जास्त. जांभळा माळ पाहायचा तर खाली रीथ आणि ग्रिंटनच्या वरच्या अंगाला जावं लागतं. १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर हा ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम. या काळात काही माळांवर बंदुकीचे बार ऐकू येतात आणि थोडा वेळ थांबायची सूचना मिळू शकते. मिळाली तर थांबा, वाद घालू नका.

डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारला मावळतो. शेकोटीजवळ बसून खिडकीबाहेरचा बर्फ पाहायला हा काळ सुंदर आहे, मात्र चालायला हाताशी सहा तासांचाच भरवशाचा उजेड असतो.

पोचायचं कसं

भारतातून फिरायला जाणाऱ्याला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टनला रेल्वेने सुमारे अडीच तास लागतात. तिथून बसने रिचमंड आणि रिचमंडहून ‘लिटल व्हाइट बस’ नावाच्या छोट्या गाडीने रीथमार्गे स्वेलडेलमध्ये वर केल्डपर्यंत जाता येतं. फेऱ्या मोजक्याच असतात आणि रविवारचं गणित वेगळं असतं, म्हणून वेळापत्रक पाहूनच मुक्कामाचे दिवस ठरवा. केल्डच्या पुढे चार मैल बस नाही. तिथून एकतर चालायचं किंवा आधी ठरवून ठेवलेली टॅक्सी घ्यायची. ऐन वेळी ॲपवर गाडी मिळेल ही आशा रिचमंडमध्येच सोडून द्या.

पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी सेटल-कार्लाइल मार्गावरचं कर्कबी स्टीफन स्थानक आहे. हा रेल्वेप्रवासच मुळात बघण्यासारखा. पण स्थानक गावापासून दीड मैल दूर आहे आणि इन तिथून आणखी बरंच पुढे, तेव्हा इथेही टॅक्सी आधीच सांगून ठेवावी लागते.

गाडी भाड्याने घेणं हा सर्वांत सोयीचा मार्ग. भारतातल्या वैध परवान्यावर ब्रिटनमध्ये आल्यापासून १२ महिने छोटी गाडी चालवता येते. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे मराठी चालकाला अर्धी लढाई जिंकल्यासारखंच आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच तसं सांगा. काही भाडेकंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तेही आधी विचारून घ्या. गाडी घेताना छोटी घ्या; सात जणांची गाडी या रस्त्यांवर प्रत्येक वळणाला रडवते.

वर जायचे रस्ते तीन. पहिल्यांदा जाणाऱ्याने रीथहून आर्केनगार्थडेल खोऱ्यातून, लँगथ्वेट गावावरून जाणारा ११ मैलांचा रस्ता घ्यावा. चढ हळूहळू येतो आणि समोरून येणारं वाहन लांबून दिसतं. दुसरा केल्डजवळून वेस्ट स्टोन्सडेलमार्गे: अंतर चारच मैल, पण सुरुवातीलाच खडी चढण आणि आपल्या घाटातल्यासारखी उलटी वळणं, तीही एका गाडीच्या रुंदीची. तिसरा कर्कबी स्टीफनच्या बाजूने येतो. हॉझहून येणार असाल तर बटरटब्ज खिंड ओलांडून थ्वेट आणि केल्ड करत यायचं. २०१४ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलस्वार ही खिंड चढले होते. उघडा दिवस असेल तर ही वाट चुकवू नका, धुक्यात मात्र आर्केनगार्थडेलच बरं.

पाट्यांवरचा वेग आणि अंतर मैलांत असतं. मोकळ्या रस्त्यावर ६० ची मर्यादा म्हणजे ताशी ९६ किलोमीटर. ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. या रस्त्यांवर २५ ते ३० मैल पुरे. एकेरी रस्त्यावर ठरावीक अंतरावर बाजूला सरकायच्या जागा असतात. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचं; उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, म्हणजे समोरचा तिच्यात वळून जातो. भारतीय चालक हमखास चुकतो तो इथे: सवयीने उजवीकडे घुसतो आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. फोटो काढायलाही त्या जागेत गाडी लावून उतरायचं नाही. कोणी वाट दिली की स्टिअरिंगवरून हात वर करायचा. हॉर्न वाजवला तर मात्र शिवी दिल्यासारखं वाटतं.

मेंढ्यांना इथे कुंपण नाही. एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या एका बाजूला कोकरू आणि दुसऱ्या बाजूला आई दिसली तर गाडी थांबवाच, कारण शेवटच्या क्षणी कोकरू आईकडे धाव घेतं. रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी येते, ती गुरं अडवण्यासाठी असते. तिच्यावरून हळू जा. ओल्या नळ्यांवर ब्रेक मारला तर चाक घसरतं. पेट्रोलची टाकी रिचमंड किंवा कर्कबी स्टीफनलाच भरून घ्या.

चालत जायचं असेल तर

पेनाइन वे ही इंग्लंडमधली जुनी लांब पल्ल्याची पायवाट. १९६५ मध्ये खुली झाली. एडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येथॉमपर्यंत २६८ मैल. ती टॅन हिल इनच्या दारावरून जाते. केल्ड ते टॅन हिल हा तिचा तुकडा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे आणि चढ साधारण २२० मीटर. वर जायला दोन ते अडीच तास धरा, उतरायला पावणेदोन.

केल्डमधून आधी खाली उतरून स्वेल नदीवरचा पादचारी पूल ओलांडायचा. पलीकडे ईस्ट गिल फोर्स हा छोटा धबधबा लागतो. इथेच कोस्ट टू कोस्ट ही पूर्व-पश्चिम वाट पेनाइन वेला छेदते आणि गोंधळ होतो तोही इथेच. पाटी नीट वाचा आणि वर ईस्ट स्टोन्सडेल शेताकडे चढणारी वाट धरा. राष्ट्रीय पायवाटेची खूण म्हणजे ओकचं फळ; पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. शेतापासून पुढे वाट उत्तरेकडे, स्टोन्सडेल ओढ्याच्या पूर्वेच्या उतारावरून जाते. दगडी भिंती संपल्या की उघडा माळ सुरू होतो. ओढा आणि त्यापलीकडचा डांबरी रस्ता डाव्या हाताला राहिला पाहिजे. तो उजवीकडे दिसू लागला तर समजा की तुम्ही चुकलात.

भिंतीतून पलीकडे जायला दोन उभ्या दगडांमध्ये जेमतेम मांडी जाईल इतकी फट ठेवलेली असते. माणूस आडवा होऊन निघतो, मेंढी अडकते आणि मोठी पाठपिशवीही अडकते. पिशवी आधी काढून पलीकडे ठेवा. भिंतीवर चढू नका. या भिंती चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून बांधलेल्या असतात, वरचा एक दगड निसटला की खालचे दहा सुटतात. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर बंद. कुरणातून एकामागे एक चाला. तिथलं गवत म्हणजे मेंढ्यांचं हिवाळ्याचं खाणं, तुडवलं की कापता येत नाही.

सह्याद्रीतला अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. आपल्याकडे धोका कड्याचा, इथे धोका सपाटीचा. खूण म्हणून धरावं असं काही दिसतच नाही आणि पायाखाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साचलेला काळा, पाणी धरून ठेवणारा थर. जमीन रंगावरून वाचायला शिका. तपकिरी हेदर किंवा बिलबेरीची झुडपं असतील तिथे जमीन त्यातल्या त्यात कोरडी. लव्हाळ्यासारखे गवताचे झुबके दिसले की ओल, पण झुबक्याच्या बुंध्यावर पाय टिकतो. पांढरे गोंडे म्हणजे ओलं पीट. आणि सर्वांत हिरवागार, पोपटी, मऊ गालिचा दिसला तर तिकडे जाऊच नका. ते पाणी पिऊन फुगलेलं शेवाळ असतं आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. पाय रुतला तर जोर लावून उपटू नका, बूट आतच राहील. मागे टेका, काठीवर भार द्या, टाच हलवून आत हवा जाऊ द्या आणि पाय हळूहळू सोडवा.

पायवाट सोडून भटकू नका याचं आणखी एक कारण म्हणजे जुन्या खाणींचे खड्डे. इनच्या भोवतालच्या माळावर ते आहेत आणि गवतामुळे काठ दिसत नाही.

इनच्या पुढे उत्तरेला पेनाइन वे स्लाइटहोम माळात शिरते. हा तुकडा चिखलासाठी बदनाम आहे. पावसानंतर त्यात जाऊ नका. इनपासून आर्केनगार्थडेलकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडं जाऊन डावीकडचा कच्चा रस्ता घेतला की तीच दिशा कोरड्या पायांनी गाठता येते. परतताना धुकं उतरलं तर केल्डसाठीही हाच नियम: हट्टाने पायवाट धरण्यापेक्षा वेस्ट स्टोन्सडेलच्या डांबरी रस्त्याने उतरा. अंतर जवळपास तेवढंच आहे. चटक रंगाचा कपडा वर घाला आणि गाड्यांकडे लक्ष ठेवा.

सोबत काय हवं

समुद्रसपाटीपेक्षा इथे तापमान तीनेक अंशांनी कमी असतं. मारतो तो वारा. जूनच्या दुपारी रीथमध्ये लोक आइस्क्रीम खात असतात तेव्हा वर टोपी आणि हातमोजे लागू शकतात. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालू नका. भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. अंगाला लागून सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा सदरा, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी अडवणारं जाकीट, आणि पाणी अडवणारी विजारही. मराठी माणूस जाकीट घेतो आणि विजार विसरतो. छत्री गाडीतच ठेवा, पाच मिनिटांत उलटी होईल. घोट्याच्या वर येणारे बूट, चिखल आत जाऊ नये म्हणून गुडघ्याखालचे गेटर, जास्तीचे दोन जोड मोजे.

मोबाइलचा सिग्नल खोऱ्यात जागोजागी जातो. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा, एक्सप्लोरर ओएल ३०, कंपाससह ठेवा. इनचा ग्रिड संदर्भ, म्हणजे त्या नकाशावरची नेमकी जागा, एनवाय ८९७ ०६७ लिहून ठेवा. सोबत टॉर्च, शिट्टी, दीड लिटर पाणी, आणि न शिजवता खाता येईल असं काही. चिक्की आणि भाकरवडी थंडीत छान टिकतात. अडचण आली तर ९९९ किंवा ११२, आधी पोलीस मागायचे आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ असं सांगायचं. शिट्टीचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

आत गेल्यावर

दारातच बूट झटका, चिखल फार असेल तर काढा. कोणी येऊन बसवेल म्हणून थांबायचं नसतं. मोकळं टेबल पाहून बसायचं, टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आणि काउंटरवर जाऊन खाणं-पिणं सांगून तिथेच पैसे द्यायचे. काउंटरवर रांग दिसत नाही, पण ती असते: आधी कोण आलं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. नोट हलवून किंवा हाक मारून लक्ष वेधू नका, नजर पुरते. टिप काउंटरवर अपेक्षित नसते.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. चव घ्यायची असेल तर अर्धा पाइंट मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. याच परगण्यातल्या मॅशम गावात थीक्स्टन आणि ब्लॅक शीप असे बिअर बनवणारे दोन कारखाने आहेत. त्यांची हातपंपाने ओढलेली ‘एल’ ही बिअर तळघराच्या गारव्याची असते, बर्फासारखी थंड नसते. ती ‘गरम’ म्हणून परत करू नका. न पिणाऱ्याने चहा किंवा सरबत मागितलं तर कोणी भुवई उंचावत नाही. आणि चालकाने प्यायचीच नाही असं ठरवलेलं बरं; अंधारात मेंढ्यांच्या रस्त्यावर त्यावर चर्चा नको.

शाकाहारी मंडळींनी इथे थोडं खोलात विचारावं. यादीत ‘व्ही’ लिहिलेलं असलं म्हणजे अंडं चालतं असा अर्थ असतो. यॉर्कशर पुडिंग हा गोड पदार्थ नाही; मैदा, दूध आणि अंड्याचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत भाजून फुगवतात, आणि ती चरबी पारंपरिक पद्धतीत गोमांसाची असते. यॉर्कशरमध्ये चिप्सही, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज, अनेक ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते, वूस्टरशर सॉसमध्ये मासा असतो. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ एवढंच न विचारता ‘कशात तळता’ आणि ‘ग्रेव्ही कशाची’ असं विचारा. जैन जेवण हवं असेल तर आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, आणि तरीही सोबत ठेपले असू द्या. फक्त ते पबच्या टेबलावर उघडायचे नाहीत, खोलीत खायचे.

स्वयंपाकघर बार उघडा असेपर्यंत चालू असतंच असं नाही. केल्डहून चालत येणारे बरेच जण दुपारी उशिरा पोचतात आणि उपाशी बसतात. आरक्षण करताना जेवणाची शेवटची वेळ विचारा आणि त्याच्या एक तास आधी पोचायचा बेत ठेवा. रविवारी दुपारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी, टेबल आधीच राखून ठेवावं लागतं. रोख ४०-५० पाउंड जवळ असू द्या. जोडणी गेली की कार्डाचं यंत्र बंद, आणि एटीएम गाठायचं म्हणजे पुन्हा गाडी काढून खाली उतरायचं.

मुक्कामाला खोल्या, सामायिक बंक आणि तंबूची जागा असे प्रकार मिळतात. शनिवारी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असेल तर बारच्या वरच्या खोलीत झोप येणार नाही. शांतता हवी असेल तर सोमवार ते गुरुवार निवडा. तंबू लावणार असाल तर त्याची बारीक बाजू वाऱ्याकडे करा आणि लांब खुंट्या आणा, छोट्या खुंट्या पीटमध्ये लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेरही येतात. खिडक्यांतून वारा आत येईल ही काळजी नको. १९८० च्या दशकात एव्हरेस्ट कंपनीने दुहेरी काचेच्या खिडक्यांची जाहिरात इथेच चित्रित केली होती: ब्रिटिश टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा टेड मोल्ट खिडकीशी एक पीस सोडतो आणि बाहेर घोंगावणाऱ्या वाऱ्यातही ते सरळ खाली पडतं.

सकाळी निघण्यापूर्वी दोन कामं. काउंटरवर कोणता रस्ता मोकळा आहे ते विचारा. अंदाज सांगणाऱ्या ॲपपेक्षा तासाभरापूर्वी दूध किंवा सामान घेऊन वर आलेल्या माणसाला जास्त कळतं. आणि चालत उतरणार असाल तर कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत केल्डला पोचणार हे सांगून निघा. खाली पोचल्यावर फोन करून पोचल्याचं कळवा, नाहीतर संध्याकाळी कोणीतरी तुम्हाला शोधायला टॉर्च घेऊन माळावर निघेल.